बारक्याची टीम

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल वाचू नये. मी शाळेत गणित शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केलीय. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. आणि रात्री-अपरात्रीही नाही. शुक्रवारी, भर दुपारी, सव्वातीन वाजता, त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत.

मामाचं टीव्ही आणि व्हिडिओ गेम दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे एक खोली. खोलीत टेबल, सोल्डरिंगचं सामान आणि एक जुना, पोट सुटलेला टीव्ही.

मामाला एक धाकटा भाऊ होता. सगळे त्याला बारक्या म्हणायचे. मी त्याला पाहिलेलं नाही.

दोघं भाऊ दिवसदिवस फुटबॉलचा गेम खेळायचे. तो काळ कॅसेट घालायच्या गेमचा. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. खेळाडू म्हणजे चार चौकोनी ठिपके, पण त्यावरून भांडणं काय व्हायची! त्या कॅसेटमध्ये आख्खा मोसम खेळता यायचा. टीव्ही बंद केला तरी तिच्या सगळं लक्षात राहायचं, कारण आत बटणाएवढा एक सेल होता. सेल चालू तोवर आठवण चालू. सेल संपला की पाटी कोरी.

खेळाडूंची नावंही बदलता यायची. मामाने आपल्या टीममध्ये घरदार भरलं. आबा म्हणजे माझे आजोबा, आई, ताई म्हणजे माझी आई, आणि स्वतः 'दादा'. अकरा काही जमेनात. मग शेजारीपाजारी घेतले, समोरचा न्हावी घेतला आणि शेवटी काळू कुत्र्याला गोलकीपर केलं. बारक्या एक नंबरचा आळशी. त्याच्या टीममध्ये गेममधलीच परकी नावं राहिली. आणि मग हा मामाच्या मागे भुणभुण लावायचा.

"तुझ्याकडे सगळी आपली माणसं, माझ्याकडे सगळे उपरे. दे ना दोनचार."

मामा म्हणायचा, चल हट.

मोसमाची फायनल तेवढी राहिली होती. त्या दिवशी मामा ओळीने तीन मॅच हरला होता, त्याचं डोकं तापलं होतं. उद्या बघतो तुला, म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्या सायकलवरून निघाला आणि कोपऱ्यावर ट्रकखाली आला. सतरा वर्षांचा होता.

मामाने सगळं खोक्यात भरलं आणि माळ्यावर टाकलं.

अठरा वर्षं गेली. मामाचं लग्न झालं, मुलगी झाली, दुकान चाललं. लोक जुन्या कॅसेट घेऊन यायचे, मामा सेल बदलून द्यायचा. एक दिवस त्याच्या मनात आलं, आपल्या कॅसेटचा सेलही शेवटच्या घटका मोजत असेल. त्याने खोकं खाली काढलं. आधी नवा सेल जोडला, मगच जुना काढला. मध्ये क्षणाचाही खंड पडला तर सगळं पुसलं जातं.

मग टीव्ही लावला. मोसम होता तसा होता. फायनल अजून बाकीच दिसत होती.

फक्त...

मामाचा गोलकीपर जागेवर नव्हता.

आबाही नव्हते.

त्यांच्या जागी दोन उपरी नावं होती. आणि काळू आणि आबा... बारक्याच्या टीममध्ये होते.

काळू कधीचाच म्हातारपणाने गेला होता. आबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

तुम्ही-आम्ही असतो तर बोबडी वळली असती. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, आपणच तेव्हा दिले असतील आणि विसरलो असू. बरं झालं, बारक्याला आपली माणसं मिळाली. आणि त्या भरात त्याने जे केलं, त्याबद्दल तो आजही स्वतःला शिव्या घालतो. आपल्या टीममधल्या एका उपऱ्या खेळाडूचं नाव खोडून तिथे त्याने आपल्या सहा वर्षांच्या लेकीचं नाव घातलं. चिऊ.

तुझी पुतणी रे, असं टीव्हीला सांगितलंसुद्धा. वेडी माया म्हणतात ती हीच.

तीन आठवड्यांनी माझी आजी झोपेतच गेली.

आठवडाभराने मामाने गेम लावला. आपल्या टीमची यादी वाचली. आबांच्या खाली 'आई' असायचं... तिथे उपरं नाव होतं. 'आई' बारक्याकडे गेलेली.

आता मात्र मामाला सगळं उमगलं. त्याने आधी चिऊचं नाव खोडलं. दुसरं घातलं. बंद करून परत लावलं.

चिऊ.

पुन्हा खोडलं.

चिऊ.

सहा वेळा केलं. सहाही वेळा चिऊच. सेल उपटून फेकावा, तर त्याच यादीत माझी आई होती, तो स्वतः होता, तो बिचारा न्हावी होता. पुसलं गेलं तर या सगळ्यांचं काय होईल, कुणाला विचारणार? तेव्हापासून पोरगी शिंकली तरी मामा तिला दवाखान्यात न्यायचा. मामीला वाटायचं, आई गेल्यामुळे माणूस भ्रमिष्ट झालाय.

आणि मग तो शुक्रवार.

सव्वातीनला मामाने नेहमीप्रमाणे शटर अर्धं ओढलं आणि यादी बघायला मागे गेला. गेम सुरू झाला की त्यातल्या प्रेक्षकांचा खरखरीत गलका यायचा. त्या दिवशी आला नाही. मामाने आवाज वाढवला. काहीच नाही...

यादी उघडली. चिऊ नव्हती.

बारक्याची यादी उघडली.

सातव्या जागेवर... चिऊ.

तेवढ्यात फोन वाजला. मामी होती. चिऊ शाळेत धावता धावता कोसळलीय, डोळे उघडत नाहीये, हॉस्पिटलमध्ये नेलंय, लगेच या.

कुठलाही बाप धावत सुटला असता. मामाही उठला, गाडीची किल्ली घेतली. आणि परत खुर्चीत बसला. मला म्हणाला, डॉक्टर काय करणार होता? ती कुठे गेली ते मला समोर दिसत होतं ना.

गेममध्ये खेळाडूंची अदलाबदल करता यायची. एक द्यायचा, एक घ्यायचा. फक्त होकार दोन्ही रिमोटवरून लागायचा. दुसरा रिमोट टेबलावर पडला होता, वायरीचा वेढाही न सोडलेला. बारक्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता.

मामाने 'घेणार' मध्ये चिऊ निवडली. 'देणार' मध्ये त्याचं बोट आधी न्हाव्यावर गेलं. हे त्याने स्वतःच मला सांगितलं, खाली मान घालून. काहीही पाप न केलेला जिवंत माणूस, आणि याने त्याचं नाव पुढे केलं.

पडद्यावर दुसऱ्या रिमोटचा बाण उमटला.

हळूहळू सरकला... 'नाही' वर थांबला.

टक्.

 त्याने न्हाव्याचं नाव काढलं आणि 'दादा' निवडलं.

बाण आला. होय आणि नाहीच्या मधोमध थांबला. हलेचना. बाहेर रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं, आणि आत टीव्ही मुका.

तेव्हा मामा पहिल्यांदा मोठ्याने बोलला.

"बारक्या, एवढीशी आहे रे ती. तिला सोड. मी येतो."

रिमोट जागचा हलला नाही. वायरही हलली नाही. फक्त त्याचं एक बटण... खाली दबलं गेलं. अंगठ्याने दाबावं तसं. दबलेलंच राहिलं, आणि मग सुटलं.

टक्.

आणि एकदम गलका झाला. प्रेक्षकांचा. पूर्ण आवाजात.

मामा हॉस्पिटलमध्ये पोचला तेव्हा चिऊ उठून बसली होती, पाणी मागत होती आणि आई का रडतेय असं नर्सला विचारत होती. ऊन लागलं असेल, डॉक्टर म्हणाले.

याला सोळा वर्षं झाली. चिऊ आता नोकरी करते. न्हावी ठणठणीत आहे, पण मामा त्याच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. आणि मामा बारक्याच्या टीममध्ये आहे. सातव्या जागेवर. फायनल अजूनही बाकी आहे. मामाने आपला एक हिशेब मांडलाय, की फायनल होत नाही आणि सेल संपत नाही तोवर सौदा टिकेल. म्हणून दर दोन वर्षांनी तो सेल बदलतो. गरज असो वा नसो.

हे सगळं त्याने मला गेल्या महिन्यात सांगितलं. कारण त्याचे हात आता थरथरतात. बाहेरच्या माणसाला सांगायची सोय नाही, आणि चिऊला कळू द्यायचं नाही. राहिले मी.

त्याने यादी दाखवली. माझी आई अजून मामाच्याच टीममध्ये आहे. लाज वाटते सांगायला, पण मी पहिल्यांदा तेच बघून घेतलं.

मग मी विचारलं, सेल बदलताना मध्ये खंड पडला तर? सौदा मोडेल का? मोडला तर कोण कुणाकडे जाईल?

मामाने भंगारातला एक बोर्ड माझ्यापुढे सरकवला.

"तू चुकू नकोस," एवढंच म्हणाला.

पंधरा तारखेला बदलायचाय. मी शाळा सुटली की रोज दुकानात जाते आणि भंगारातल्या बोर्डांवर हात बसवते. आधी नवा जोडायचा, मग जुना काढायचा. मला भीती वाटते, हे कबूल करते.

काल दहा वेळा केलं. दोनदा चुकलं.