मंगळवारची भूल

हार्वेस्टरचा पट्टा तुटला म्हणून क्लेम नोस्के त्या मंगळवारी सकाळीच शेतावरून घरी आला. नवा पट्टा पडवीतल्या खोक्यात होता. गहू वाळून कापणीला उभा होता, आभाळ स्वच्छ होतं, आणि अशा दिवसांत शेत सोडणं म्हणजे वर्षाच्या कष्टावर पाणी सोडणं. म्हणून तर तो इथे एकटा होता. त्याची बायको रोवीना सात वर्षांच्या हेटीला घेऊन दूर अॅडलेडला, इस्पितळाशेजारच्या एका खोलीत राहत होती. हेटीला रक्ताचा कर्करोग होता. दर मंगळवारी तिला भूल देऊन पाठीच्या कण्यात औषध टोचत.

गाडी बंद केली तशी सगळीकडे शांतता पसरली. छपराचा पत्रा उन्हाने तडतडत होता. काकाकुवेसुद्धा निलगिरीच्या सावलीत गप्प बसले होते.

पडवीच्या पायरीवर हेटी बसली होती.

क्लेमला आधी आनंदच झाला. न कळवता येऊन धडकणं रोवीनाच्या स्वभावातच होतं. मग ध्यानात आलं, अंगणात तिची गाडी नाही. धुळीत चाकांची खूणही नाही. हेटीच्या अंगात इस्पितळाचा फिका निळा झगा होता, पाय अनवाणी होते, आणि केस गेलेल्या डोक्यावर ऊन पडलं होतं. ती उठली आणि त्याच्याकडे न बघता आत गेली. जाळीचं दार तिच्या मागे नेहमीसारखं धाडकन आपटलं.

तो धावत आत गेला. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मोरीत नव्हतं. तिच्या खोलीत मात्र स्पिरिटचा वास कोंडून राहिला होता, आणि नीट घातलेल्या चादरीवर नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा खळगा पडला होता. हातातली टोपी कधी गळून पडली, त्याला कळलं नाही.

त्याने रोवीनाला फोन लावला. ती म्हणाली की हेटीला आत्ताच आत नेलंय, भूल दिलीये, मी बाहेर चहा घेत बसलेय; तुझा आवाज असा का येतोय? त्याने ते घशात गेलेल्या धुळीवर ढकललं.

संध्याकाळी हेटी फोनवर आली. आवाज दमलेला होता.

"बाबा, तुझी टोपी माझ्या पलंगाखाली गेलीये," ती म्हणाली. "उचल ना. स्पड चावून टाकेल."

स्पड म्हणजे कुत्रा. टोपी खरंच पलंगाखाली होती.

माणसाने घाबरावं असंच हे होतं, आणि त्या रात्री क्लेम घाबरलाही. पण पुढचा मंगळवार जवळ येऊ लागला तशी भीती मागे पडली आणि वेगळीच ओढ लागली. रिकाम्या घरात त्याला दोन महिने झाले होते. पोरीचा एक बूट अजून दारामागे होता, तो त्याने हलवला नव्हता. मंगळवारी त्याने हार्वेस्टर बंद ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन बसला. शेजारच्या शेतावर राहणाऱ्या ग्रेटाआत्याने लांबून ते पाहिलं आणि टोमणा मारलाच, की मेल्या, चर्चचा रविवार जन्मात पाळला नाहीस आणि आता ऐन कापणीत मंगळवार कसला पाळतोस?

हेटी आली. दार आपटलं, स्पिरिटचा वास आला, आणि ती त्याच्यासमोर आपल्या खुर्चीवर बसली. त्याने लोणी लावलेला टोस्ट पुढे केला. तिने हात लावला नाही. ती खिडकीतून मेंढ्यांकडे बघत राहिली, आणि तो तिच्याकडे. बराच वेळ झाल्यावर ती हळूच म्हणाली, "इथे दुखत नाही, बाबा."

असे काही मंगळवार गेले. रोवीनाला त्याने काहीच सांगितलं नाही. ती बिचारी तिकडे उलट्या पुसत होती, तोंड आलेल्या पोरीला चमच्याने पाणी पाजत होती. तिला काय सांगणार, की तुझी लेक इथे माझ्याबरोबर बसते, तिला दुखतबिखत नाही? एकदा हेटी जायला उठली तेव्हा त्याला राहवलं नाही. "अजून थोडी बस," तो म्हणाला. ती बसली. दुपार कलेपर्यंत बसली.

त्या संध्याकाळी रोवीना फोनवर रडली. हेटी शुद्धीवरच येत नव्हती. हाका मारल्या, तळपाय चोळले, शेवटी केव्हातरी दुपारनंतर तिने डोळे उघडले. "दर वेळी जास्त वेळ लागतोय," रोवीना म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, असतात काही मुलं अशी."

तिला थांबवून घेऊन आपण काय केलं, ते क्लेमला तेव्हा कळलं.

पुढच्या मंगळवारी तो घराकडे फिरकला नाही. दिवसभर शेताच्या पार टोकाला हार्वेस्टर चालवत राहिला. पण त्याच आठवड्यात हेटीला ताप भरला. औषधांनी अंगातली ताकद आधीच संपली होती. ताप छातीत उतरला. तिला झोपेचं औषध देऊन श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. सकाळी रोवीनाचा फोन आला. ती रडत नव्हती, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"क्लेम, नीघ. डॉक्टर म्हणाले, वडिलांना बोलावून घ्या."

किल्ल्या घेऊन त्याने जाळीचं दार ढकललं, तर पायरीवर हेटी उभी होती. या वेळी ती बाहेरच थांबली होती. ओठांच्या कडेला चिकटपट्टीचा लाल वळ होता.

"बाबा, मी आता इथेच राहणार," ती म्हणाली.

क्लेमने एक हात चौकटीवर टेकवून दार अडवलं.

"नाही."

"मला झोप आलीये... माझ्या पलंगावर झोपते ना."

"नाही, हेटी. आईकडे जा."

"आई सुया टोचू देते." तिचे डोळे भरून आले. "मी शहाण्यासारखी राहीन. आवाज पण करणार नाही..."

जन्मात तो तिच्यावर ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला. हे तुझं घर नाही म्हणाला. मला तू इथे नको आहेस म्हणाला. अंगणात शिरलेल्या कोल्ह्याला हाकलावं तसं त्याने पाय आपटून तिला हाकललं. ती एकेक पायरी मागे सरकत उतरली, अंगण ओलांडून फाटकापाशी गेली, आणि रस्त्यावरच्या उन्हात दिसेनाशी झाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. क्लेमने दार ओढून घेतलं आणि तो गाडीकडे धावला.

तो इस्पितळात पोचला तेव्हा रोवीना व्हरांड्यात धावत आली. ताप उतरायला लागला होता. यंत्रावर असूनसुद्धा पोरीच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं, आणि डॉक्टर म्हणत होते, हे चांगलं लक्षण आहे. शेजारची खाट सकाळीच रिकामी झाली होती.

क्लेम परत शेतावर गेला नाही. शेजाऱ्यांनी आपापले हार्वेस्टर आणून त्याचा उरलेला गहू काढून दिला, मेंढ्या आणि स्पडला आत्याने नेलं, आणि घर बंद राहिलं. हेटी हळूहळू सावरली. पण बापाशी ती कितीतरी दिवस बोलली नाही. तो जवळ आला की भिंतीकडे तोंड करायची. रोवीना समजूत घालायची, की तू कापणीपायी आला नाहीस ना, त्याचा राग आहे, जाईल. क्लेम मान हलवायचा. पोर जिवंत आहे, मग रुसली तर रुसू दे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

राग गेला. हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की आता घरी न्या, पुढची औषधं गोळ्यांवर चालतील. हेटीच्या डोक्यावर मऊ, काळसर केस आले होते. तीन तासांच्या वाटेवर ती बापाशी मेंढ्यांच्या पिल्लांबद्दल अखंड बोलत होती.

घर आलं. रोवीना सामान घेऊन पुढे झाली, कुलूप काढून आत गेली. हेटी मात्र पायरीपाशी थबकली. क्लेमने तिचा हात धरला.

"ये ना राणी. आपलंच घर आहे. त्या दिवशीचं बाबाचं बोलणं विसरून जा."

ते त्याच्या तोंडून निघून गेलं. हेटीने वर पाहिलं. तिला सगळं आठवत होतं.

"तू मलाच हाकललंस," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "तिला काहीच बोलला नाहीस."

"कुणाला?"

"माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी. माझा हात धरून आली होती. तिला घरी जायचं होतं, पण तिला तिचं घर आठवत नव्हतं." हेटीने दाराकडे बघितलं. "तू ओरडत होतास ना, तेव्हा ती तुझ्या हाताखालून आत गेली."

क्लेम काही बोलणार, इतक्यात आतून, हेटीच्या खोलीतून रोवीनाचा आवाज आला. थकलेला, लाडाचा, घरी पोचल्याच्या आनंदातला.

"अगं, आधी पांघरूण तर झटकू दे! आल्या आल्या कसली झोपतेस? ...आणि हात किती गार पडलेत गं तुझे, हेटी."