तिसरी त्रुटी

खरं प्रेम एका नजरेत होतं, असं थोर लोक सांगून गेलेत. त्यांतल्या एकालाही कधी प्रवेश अर्ज भरावा लागला नसावा. हे प्रेम तीन त्रुटींनंतर झालं, आणि तेही लाल शाईत.

ती दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत जिवाणू मोजायची. काचेच्या बशीत त्यांच्या वसाहती वाढतात. त्यांचा रंग, आकार, कडा टिपून ठेवायच्या. सहा वर्षं टिपल्यावर तिला त्यांची जनुकंही शिकावीशी वाटली. सूक्ष्मजीव जनुकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला वयाची अट होती आणि तिचं हे शेवटचं वर्ष. "जंतू मारायचे असतात, शिकायचे नसतात," असं मामा जेवता जेवता म्हणाला. त्या रागात तिने ताट अर्धं टाकून अर्ज भरला. पत्त्यात एक रकाना होता : वसाहत. हाताच्या सवयीने लिहून गेली : गोल, फिकट पिवळी, कडा गुळगुळीत.

अर्ज टपालाने परत आला. समासात लाल शेरा : 'या नावाची वसाहत शहरात आढळत नाही. अर्जदार तिथे राहते कशी?'

ती तणतणत प्रवेश विभागात गेली. खिडकीमागे एक सडपातळ कारकून होता. कानामागे लाल पेन आणि चेहरा नुकताच इस्त्री केल्यासारखा.

"हा शेरा तुमचा?"

"पहिलं वाक्य नियमातलं आहे," तो म्हणाला. "दुसरं... माझं."

हसू येत होतं म्हणून तिला जास्तच राग आला. तिने पत्ता सुधारला आणि पाय आपटत निघून गेली.

आठवड्याने दुसरी त्रुटी आली. 'फोटो व अर्जदार यांचा मेळ बसत नाही. फोटोत अर्जदार हसते आहे.' तिने नवा फोटो काढला. फोटोग्राफरची 'जरा हसा' म्हणायची छाती झाली नाही. तो फोटो तिने खिडकीवर आपटला. त्याने तो बराच वेळ निरखला आणि हा हुबेहूब आहे म्हणाला.

तिसरी त्रुटी आली ती शेवटच्या तारखेला. 'सही चौकटीबाहेर.' खिडकी पाच वाजता बंद व्हायची. प्रयोगशाळेतलं भिंग उचलून ती धावत सुटली आणि साडेचारला पोचली. दम लागलेला, केस सुटलेले... भिंग तिने कागदावर ठेवलं.

"बघा."

तो वाकला. इतका जवळ, की त्याच्या पापण्या मोजता आल्या असत्या. तिने मोजल्या नाहीत. निदान पूर्ण नाहीत.

"आत आहे," तो हळूच म्हणाला.

"मग?"

"त्रुटी नव्हतीच. तुम्ही पुन्हा यावं, म्हणून—"

आता तिचा आवाज चढला नाही, आणि हेच भयंकर होतं. "माझं शेवटचं वर्ष आहे हे. तुमच्या गमतीपायी मी आज जेवलेसुद्धा नाही."

त्याने रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. तिचा अर्ज सोमवारीच समितीकडे गेला होता. या वेळी परत पाठवली ती नुसती झेरॉक्स होती.

"ते मला कसं कळणार होतं?"

"नव्हतं कळणार," तो म्हणाला. "चुकलो मी." चेहऱ्याची इस्त्री पार मोडली होती.

तिने त्याच्या कानामागचं पेन ओढून घेतलं आणि झेरॉक्सच्या समासात लिहिलं : 'त्रुटी : मनातलं सरळ विचारलेलं नाही. पूर्ततेसाठी उद्या सहाला डेअरीच्या फाटकाशी स्वतः हजर राहावे. उशीर झाल्यास बाद.' खाली सही केली. मुद्दाम चौकटीबाहेर.

त्याने ते दोनदा वाचलं. कान शाईच्या रंगाचे झाले.

ती वळली. दारापर्यंत पोचली, तेव्हा मागून दबक्या आवाजात हाक आली.

"अहो... येतो मी. पावणेसहालाच येतो. फक्त तेवढं पेन देऊन जाता का? ऑफिसचं आहे, मी सही करून घेतलंय."