वर कोण?

वरसावे पुलाच्या अलीकडे, घोडबंदर रोडला लागून आमचं यार्ड आहे. स्टीलचे पाइप, पट्ट्या, पत्र्याची गुंडाळी असला माल इथे उतरतो आणि वापी, सुरत, नाशिककडे रवाना होतो. मी तिथे डिस्पॅच बघते. गाडी फाटकाबाहेर पडल्यापासून पोहोचेपर्यंत तिच्यावरचा माल जागचा हलणार नाही, ही माझी जबाबदारी. मी राहते त्या इंद्रलोक भागात आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना मी नक्की काय करते ते अजून कळलेलं नाही. "दोरीने बांधायचं ना?" असं एकीने विचारलं होतं. मी हो म्हटलं आणि विषय मिटवला.

दोरी नसते. चार बोटं रुंदीचा पॉलिस्टरचा पट्टा असतो. तो गाडीच्या एका बाजूच्या हुकात अडकवायचा, मालावरून पलीकडे टाकायचा आणि तिथे रॅचेटमध्ये, म्हणजे दातेरी चापात, ओवून दांडा खालीवर करत ताणायचा. दात एकेक करून बसत जातात, कट, कट. लोकांना वाटतं, पट्टा माल धरून ठेवतो. तो फक्त दाबतो. धरून ठेवतं ते लोखंड आणि खालच्या लाकडामधलं घर्षण. नव्या माणसाला हे समजावताना मला फार बरं वाटतं. ज्याच्या जोरावर सगळं टिकून आहे ते डोळ्यांना दिसत नाही, तरी त्याचं गणित मांडता येतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास आहे.

पट्टे बांधायला आमच्याकडे बबन आणि धाकू अशी जोडी होती. बबन रत्नागिरीकडचा, बोलका आणि तितकाच चिडका. धाकू पालीचा, उत्तनजवळच्या कोळी घरातला. होडी विकून तो इथे आला होता आणि बोलणं समुद्रावरच ठेवून आल्यासारखा गप्प असायचा. बबन रॅचेटच्या बाजूला, धाकू हुकाच्या बाजूला, मध्ये भरलेली गाडी. बबनच्या पाठीशी शेडची भिंत इतकी जवळ की मागे सरून वर बघायची सोय नाही. आणि वर कधी कधी माणूस असतो, पट्टा लोखंडाच्या धारेवर कापू नये म्हणून रबराचे कोपरे बसवणारा. त्यामुळे एक पद्धत पडून गेली होती. दांडा ओढण्याआधी बबन विचारायचा, "वर कोण?" पलीकडून धाकू वर बघून सांगायचा, "कोन न्हाय." मग बबन ओढायचा. मी नोकरीला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून हे असंच चालत आलं होतं.

जानेवारीतल्या एका सकाळी मी फाटकाजवळ चहा पीत उभी होते. धाकू माझ्या शेजारी होता, त्याच्याही हातात ग्लास. यार्डात पाइपांची गाडी लागलेली होती. बबनचा आवाज आला, "वर कोण?"

"कोन न्हाय," गाडीच्या पलीकडून उत्तर आलं, आणि रॅचेट वाजायला लागलं.

आवाज धाकूचा होता. धाकू माझ्या शेजारी चहावर फुंकर घालत होता.

कोणीतरी नक्कल करतंय असं समजून मी तिकडे गेले. हुकाच्या बाजूला एक मांजर उन्हात पसरलं होतं. बाकी कोणी नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो, हे मला ठाऊक आहे. पण घुमून परत येतो तो प्रश्न. उत्तर येत नाही.

मी धाकूला बाजूला घेतलं. त्याने ग्लास खाली ठेवला.

"दिवालीच्या टायमाला घसा बसलेला," तो म्हणाला. "बबननं इचारलं, माज्या तोंडातून आवाजच नाय फुटला. तरी तो वढायला लागला. इचारलं तं बोल्ला, तू सांगितलंस ना. मी कवा सांगितलं?"

"मग?"

"मंग दुसऱ्या दिशी मुद्दाम गप ऱ्हायलो. परत तेच. मना काय ऐकू येत न्हाय, मॅडम. बबनला येतं. तुमालापन आलं ना आता?"

"आणि तू कोणाला बोलला नाहीस?"

"ते कधी चुकलं न्हाय. मंग मी कशाला घसा फोडू?" तो थोडा ओशाळला. "सुरवातीला मी वर बघून तरी घ्यायचो. आता ते पन सोडलं."

मला संताप आला. ज्या एका शब्दावर माणसाचा जीव टांगलेला, तो शब्द यानं असा कोणाच्याही हवाली करून टाकला होता, आणि वर चहा पीत होता. पण तो कोणाच्या हवाली केला, हे विचारायला माझी जीभ वळेना. बबनकडे गेले तर तो माझ्यावरच उखडला. "धाकूच बोलतो, मॅडम. मी काय बहिरा आहे?"

दुसऱ्या दिवशी मी प्रयोग करायचं ठरवलं. धाकूला फाटकावर पाठवलं आणि हुकाच्या बाजूला मी स्वतः उभी राहिले. बबनला तसं सांगून ठेवलं. वर नीट बघून घेतलं, माल मोकळा होता. "वर कोण?" बबनने विचारलं. मी ओठ घट्ट मिटले. रस्त्यावरून कंटेनर जात होते, खाडीकडून वारा येत होता. याखेरीज मला काहीही ऐकू आलं नाही. मला अगदी हसू यायला लागलं होतं, इतक्यात रॅचेट वाजलं.

मी वळसा घालून पळत गेले. "उत्तर न ऐकता ओढतोस?"

"तुम्ही बोललात ना," बबन गोंधळून म्हणाला. "कोणी नाही, असं. एवढं साफ तर धाकूपण नाय बोलत."

हा माझी फिरकी घेतोय असं आधी वाटलं. मग विचार केला तसा उलगडा झाला. वर्षानुवर्षं ठरलेल्या क्षणाला ठरलेलं उत्तर ऐकलेला कान, उत्तर आलं नाही तरी ते भरून घेतो. त्याला ठाऊक होतं पलीकडे मी आहे, म्हणून माझा आवाज भरला. आदल्या दिवशी फाटकावर माझ्याही कानांनी तेच केलं असणार. या उलगड्यावर मी मनापासून खूश झाले. लगेच हुकूम काढला की विचारणं बंद, पलीकडच्याने गाडीला वळसा घालून यायचं आणि तोंड दाखवून सांगायचं.

त्या संध्याकाळी मी घरी बाथरूममध्ये असताना माझ्या मुलीने, सान्वीने, बाहेरून दिवा बंद केला. मी ओरडले. "मी विचारलं होतं ना, आत कोण आहे म्हणून," ती म्हणाली. मोबाइलमधून डोकं काढत नाहीस, ऐकणार काय, असं मी तिला झापलं आणि विसरून गेले.

वळसा घालायचा नियम थोडे दिवस पाळला गेला. मग मार्च उजाडला, माल वाढला, फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली, आणि यार्डातून पुन्हा तीच हाक ऐकू यायला लागली. आवाज आला की मी वरच्या ऑफिसच्या गॅलरीत येऊन बघायची. धाकू जागेवर दिसायचा, मान वर करून. मला वाटायचं, चला, निदान बघतोय तरी.

त्या दिवशी दुपारी मी गॅलरीत फोनवर होते. खाली स्टीलच्या पट्ट्यांच्या बंडलांची गाडी लागली होती. एक रबराचा कोपरा सरकला असावा, कारण धाकू मालावर चढला होता. गुडघ्यांवर बसून, डावा हात पट्ट्याखाली घालून तो कोपरा जागेवर आणत होता.

"वर कोण?" बबनने विचारलं.

धाकूने मान वर केली. त्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मानेच्या शिरा ताणलेल्या दिसल्या. माणूस जीव खाऊन ओरडतो तेव्हा दिसतो तसा तो दिसत होता.

त्याच्या तोंडातून आवाज आला नाही.

आवाज हुकाच्या बाजूने आला, खालून, रिकाम्या जागेतून. शांत, रोजचा.

"कोन न्हाय."

कट.

मी फोन टाकला आणि ओरडले, "बबन, थांब!" बबनने वर पाहिलंच नाही.

कट, कट.

मी जिना उतरून धावले आणि त्याचा दंड धरला. तो दचकला. "काय झालं, मॅडम? बोलायचं तरी."

धाकूची दोन बोटं गेली. हात राहिला, ही डॉक्टरांची मेहेरबानी. दवाखान्यात तो एकच गोष्ट सांगत होता, की मी दोनदा सांगितलं, मी हाय, मी हाय. बबन बाहेर बाकावर डोकं धरून बसला होता. "त्याचाच आवाज होता, मॅडम. आईशप्पथ," तो म्हणाला. तुम्ही ओरडलात ते मला ऐकू का आलं नाही, असं त्याने विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही. यार्डात आवाज फार असतो.

धाकू घरी गेल्यावर मी त्याला फोन लावत राहिले. दर वेळी फोन उचलला जायचा, "कोन न्हाय" असं ऐकू यायचं आणि बंद व्हायचा. शेवटी सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून मी पालीला गेले.

दुपार कलली होती. गल्ली इतकी अरुंद की समोरून दुचाकी आली तर एकाने थांबायचं. दार उघडंच होतं. धाकू मागच्या पडवीत, जाळ्यांच्या ढिगाशेजारी खुर्चीवर बसला होता, हाताला बँडेज. मला बघून तो उठला, बसा म्हणाला, पाणी आणलं. नीट बोलत होता. माझ्या जिवात जीव आला.

"बोलतोस की व्यवस्थित," मी म्हटलं.

"समोर माणूस असला का बोलतंय," तो म्हणाला. मग बँडेजकडे बघत, "माजी बायको विमला मना गल्लीभर शोधत फिरतं, मॅडम. मी हतंच बसलेलो असतो. हाका मारतंय. ती भायेरच कोनाशी तरी बोलतं, आन निंगून जातं. कवा कवा जेवनपन माजं तिकडंच शेजारी ठेवून येतं." त्याचे डोळे भरून आले होते. "बोटांचं काय न्हाय. मना घरान तरी ऐकू जायला पायजे."

मला त्याची फार दया आली. बबन दवाखान्याबाहेर कसा डोकं धरून बसला होता ते मी सांगितलं, आता यार्डात खरंच कोणी हाक देत नाही हे सांगितलं. विमलाबाई आल्या की तिघं समोरासमोर बसून बोलू, काहीतरी मार्ग काढू, असं म्हणाले. एवढं म्हणायला कसला उलगडा लागत नाही.

पुढच्या दाराशी मासळीची पाटी ठेवल्याचा आवाज झाला. बांगड्या वाजल्या.

"होड्या लागल्यात, मी बंदरावर जातंय," विमलाबाईंचा आवाज. "घरान कोन हाय का? कुलूप लावू?"

धाकू खुर्चीतून अर्धा उठला. तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते.

"कोन न्हाय," बाहेरून, गल्लीच्या कोपऱ्यावरून धाकू म्हणाला.

दार ओढलं गेलं. कडी लागली.

मी उठले. "विमलाबाई," मी मोठ्याने म्हटलं, "आम्ही आत आहोत!" माझ्या घशाला ताण बसलेला मला जाणवला. दारापर्यंत गेले आणि हाताने फळी ठोकली. "विमलाबाई, मी यार्डातली मिनल. दार उघडा!"

बाहेर कुलपात चावी फिरली.

मग विमलाबाईंचा आवाज आला, आनंदलेला, माझ्याकडे पाठ केलेला.

"अगो मॅडम, तुमी कवा आल्या? अशा भायेर का उभ्या?"

मला सान्वीने बंद केलेला दिवा आठवला.

धाकूने मागून माझ्या खांद्यावर त्याचा बरा हात ठेवला आणि बसायची खूण केली. बाहेर विमलाबाईंनी पाटी उचलली. "चला दोघं माज्यासंगती, ताजी मासली देतंय," असं म्हणत त्या गल्लीतून बंदराकडे निघाल्या. त्यांचं बोलणं दूर जाईपर्यंत आम्ही ऐकत होतो. मध्ये मध्ये त्या थांबत होत्या, समोरच्याचं उत्तर ऐकून घ्यायला माणूस थांबतो तेवढंच, आणि मग हसून पुढे बोलत होत्या.