पायात कडं घातलेली भिंगरी

मार्च १९८६ मधल्या त्या संध्याकाळी आम्ही विक्रोळीच्या खाडीत शिरलो ते एका पाखरासाठी. चार दिवसांपूर्वी तारेवर ओळीनं बसलेल्या भिंगऱ्यांमध्ये एकीच्या पायात मला धातूचं बारीक कडं चमकताना दिसलं होतं. कुणीतरी परदेशात ते घातलं असणार. त्यावरचा नंबर वाचता आला, तर आमच्या खारफुटीत हिवाळा काढणाऱ्या या पाहुण्यांचं गाव कळणार होतं! आणि आता त्यांचे परतायचे दिवस आले होते.

सुगंधाताई मुलुंडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. गिरणीतली नोकरी सुटल्यावर मी, माणिक परब, त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलो होतो. "नंबर मिळाला तर लेखावर तुझंही नाव घालू," असं त्या म्हणाल्यापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. तिसरी मंजुळाबाई. होडी तिची. खेकडे धरून धरून इथल्या चिखलाचा इंच न् इंच तिला ठाऊक होता.

"दिस बुरला का निघाचा," सूर्य मावळताच परतायचं, हे तिनं आधीच बजावलं. "भरती थांबाची नाय."

ओहोटीच्या उरल्यासुरल्या पाण्यातून तिनं होडी लव्हाळ्यांच्या उंचवट्याला लावली. भिंगऱ्या रात्रीला तिथंच उतरायच्या; त्यांना धरायला धुक्यासारखं बारीक जाळं उभारायचं होतं. पण बांबू काही ठरेना! रोवला की कलंडायचा. तिसऱ्यांदा तो उभा राहिला, तेव्हा सूर्य पवईच्या डोंगराआड गेला होता.

मग आभाळ हललं. एक काळा पट्टा आला, वळला, फुटला, आणि हजारो भिंगऱ्या किलबिलत लव्हाळ्यांवर उतरू लागल्या. तांबूस गळे, निळ्याकाळ्या पाठी, कानाशी वारा कापत जाणारे पंख. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

जाळं जड झालं.

"ताय, पानी वलला. चल!" भरती सुरू झालेली बघून मंजुळाबाईनं हाक मारली.

"पाचच मिनिटं!" सुगंधाताई म्हणाल्या.

मी एकेक पाखरू सोडवू लागलो. सातवं हातात आलं. पायात कडं! बॅटरीच्या उजेडात मी अक्षरं लावली. "मॉस्को! ताई, मॉस्को लिहिलंय!"

"नंबर वाच!" त्या माझ्याकडे धावल्या. दोनच पावलं. तिसरं पाऊल पडलं ते थेट कमरेपर्यंत आत!

"हलू नुको! मांगं रेल, आरवी हो!" मंजुळाबाईनं होडीतली फळी चिखलावर फेकली आणि तिच्यावर पालथी पडून सरपटत निघाली. ताई मागे रेलून आडव्या झाल्या, पण त्यांच्याभोवती पाणी चढत होतं. "माणिक, हात दे! मना एकटीला नाय जमाचा!"

माझ्या मुठीत ते चिमुकलं काळीज धडधडत होतं. आकडे बारीक होते. वाचायला अजून मिनिटभर लागलं असतं.

मी मूठ उघडली.

भिंगरी गेली. मी फळीवर झेपावलो. एका बगलेत मंजुळाबाईचा हात, दुसऱ्या बगलेत माझा. ओढ! पुन्हा ओढ! चिखलानं चपला गिळल्या, पण ताई सुटल्या.

होडीत पडल्यापडल्या त्यांनी विचारलं, "जाळं?"

जाळ्याचा खालचा पदर पाण्याला टेकला होता. त्यात चोवीस पाखरं लटकत होती.

"आपली कडी घालायला नकोत, मोजमाप नको," ताई म्हणाल्या. "फक्त सोडवा."

मंजुळाबाईनं होडी जाळ्याला भिडवली. आम्ही तिघं गाठी उकलत राहिलो. खेकड्यांच्या नांग्यांनी चरे पडलेली तिची बोटं सगळ्यांत हलकी चालली. शेवटची भिंगरी भिजली होती. मंजुळाबाईनं ती पदरात गुंडाळून छातीशी धरली.

"मॉस्को कवरा लांब गं?" तिनं विचारलं.

"हजारो मैल. मध्ये डोंगर, वाळवंटं."

"येवऱ्याशा जिवानं?" तिनं पदर सोडला. पाखरू क्षणभर तिच्या तळहातावर बसलं आणि लव्हाळ्यांत शिरलं. मंजुळाबाईनं तिकडे हात जोडले.

ताई तिचे चिखलानं माखलेले हात धरून बसल्या होत्या. "तुझं ऐकलं नाही गं मी," एवढंच त्या बोलल्या.

माझं नाव कुठल्याच लेखावर आलं नाही. त्या संध्याकाळची नोंद मात्र ताईंनी मलाच लिहायला लावली. मी लिहिलं: "कड्यावर मॉस्को. नंबर वाचता आला नाही. पाखरं सगळी जिवंत. माणसंही."