गुऱ्हाळाच्या मागं

सांगते ते जसं घडलं तसं सांगते. अर्थ मात्र मला विचारू नका.

जांब्याला माझा छोटा दवाखाना आहे. इमारत गोजराबाईंची. वरच्या मजल्यांवर आयटीतली पोरं भाड्याने राहतात, मधल्या मजल्यावर गोजराबाई स्वतः, आणि तळमजल्याच्या गाळ्यात मी. पोरांची ॲसिडिटी, मजुरांचा ताप, आसपासच्या बायकांची गुडघेदुखी, असं माझं चालतं.

जानेवारीतली संध्याकाळ होती. त्या दिवशी लवकर आवरून महाळुंग्याला मैत्रिणीकडे जायचं ठरलं होतं. वीज गेलेली, इन्व्हर्टरवर एकच ट्यूब जळत होती. धुक्यात बांधकामांची धूळ मिसळून बाहेरचा रस्ता राखाडी झाला होता. मी पर्स उचलली, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

शेखर होता. पूर्वी एकदा येऊन गेलेला, म्हणून ओळखला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. कंपन्यांना साफसफाईसाठी मुली पुरवतो असं तेव्हा म्हणाला होता. त्याच्या मागे एक मुलगी उभी होती. अंगात पुरुषी स्वेटर, बाह्या बोटांपर्यंत लोंबत होत्या.

"बायकोची लांबची बहीण, मॅडम. रेश्मा. खोकला जातच नाहीये. काहीतरी स्ट्राँग द्या, लगेच निघतो आम्ही."

मागच्या वेळी त्याने जिला आणलं होतं, तिचं नावही रेश्माच होतं. तिच्या हनुवटीवर गोंदण होतं. हिच्या नव्हतं.

"मागच्या वेळची रेश्मा वेगळी होती ना?"

तो हसला. "मॅडम, दिवसभरात किती चेहरे बघता तुम्ही! हीच होती."

मी मुलीला स्टुलावर बसवलं. "खोकला कधीपासून आहे?"

"झाला असेल महिना," शेखर म्हणाला.

"संध्याकाळी ताप येतो?"

"येतो थोडा." पुन्हा तोच.

"जेवण जातं?"

"भरपूर जेवते, मॅडम."

मुलीच्या खांद्यांची हाडं स्वेटरमधूनसुद्धा दिसत होती. ती जमिनीकडे बघत होती; माझं मराठी तिला कळल्यासारखं दिसत नव्हतं. मी स्वेटर वर सरकवून तिच्या पाठीवर स्टेथोस्कोप टेकवला.

"लंबी साँस लो."

तिने श्वास घेतला. वरच्या बाजूला करकर ऐकू आली. क्षयाची शंका यावी अशीच. मी स्टेथोस्कोप थोडा खाली सरकवला. आणि त्या करकरीच्या मागून कुणीतरी बोललं.

"दार भाइरनं लावलंय..."

मी दचकून मुलीकडे पाहिलं. समोरच्या कपाटाच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता. ओठ घट्ट मिटलेले.

कानातून नळ्या काढल्या. खोलीत फक्त इन्व्हर्टरची गुणगुण. शेखर मोबाइल बघत होता. मी पुन्हा नळ्या घातल्या, पुन्हा पाठीला टेकवलं.

"दार भाइरनं लावलंय... धूर लई हाय गं..."

बाईचा आवाज होता. वयस्क, घोगरा. आपल्या इथल्या बायका बोलतात तसा. आणि त्याबरोबर वास आला. काहीतरी गोड करपल्याचा, काकवी बुडाशी लागावी तसा. घशात चिकटून बसणारा.

"काय झालं, मॅडम?" शेखरने मान वर केली. "इतका वेळ काय ऐकताय?"

"छातीत दोष आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "टीबी असू शकतो. तुम्ही मास्क लावा आणि बाहेर बसा."

"मी इथंच बरा आहे. एकटी घाबरते ती."

"मग तुम्हालाही तपासावं लागेल. हिच्याबरोबर राहणाऱ्या सगळ्यांनाच. घरात किती जण आहात?"

त्याचं हसू जरा उतरलं. तो उठला, बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिला. दाराच्या दुधी काचेतून त्याची आकृती दिसत होती. पाठ आमच्याकडे नव्हती.

मी वाफाऱ्याचं मशीन सुरू केलं, त्याच्या घरघरीत बोलणं झाकावं म्हणून. खाली वाकून कुजबुजत विचारलं, "नाम क्या है तुम्हारा?"

तिने बाह्या मुठीत घट्ट धरल्या. मग ती म्हणाली, "सोमारी."

"घर?"

"झारखंड."

"यहाँ कहाँ रहती हो?"

तिने मान हलवली. तिला माहीत नव्हतं. अंधारात गाडीतून आणलं होतं, खिडक्यांना पडदे होते. इस्पितळात काम देतो म्हणून गावातून आणलं. फोन काढून घेतले. एवढं बोलायलाही तिला तीनदा खोकावं लागलं.

"और लड़कियाँ हैं?"

तिने दाराकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी तरारलं.

कुठे शोधायचं यांना? दारावरची आकृती हलली, जवळ आली. काय करत होते ते माझं मलाच कळत नव्हतं, पण मी स्टेथोस्कोप तिसऱ्यांदा तिच्या पाठीवर ठेवला. आणि या वेळी श्वास घ्यायला सांगितलंच नाही.

"नेऱ्याला... गुऱ्हाळाच्या मागं... लई पोरी हायेत..." मग अगदी कानाशी, "बिगी बिगी जा, बाय..."

मी कानातून नळ्या काढल्या.

आतल्या बाथरूममध्ये जाऊन मी ११२ला फोन लावला. मग गोजराबाईंना. "बाई, खाली या. बाहेर एक माणूस उभा आहे, त्याला जाऊ द्यायचं नाही. कारण नंतर सांगते."

गोजराबाईंनी काही विचारलं नाही. प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली आल्या आणि शेखरच्या गाडीच्या तोंडाशीच ती मांडून बसल्या.

"पाव्हणं, कुठलं गाव तुमचं?" त्यांचा खणखणीत आवाज आत आला.

"आजी, गाडी काढायचीय. सरका जरा."

"सरकते की. गुडघं धरल्यात. जरा दमानं घ्या."

दार धाडकन उघडून शेखर आत आला. "झालं का? मी नेतो तिला. दुसऱ्या डॉक्टरकडे दाखवतो." त्याने सोमारीचा दंड धरला. मी तिचा दुसरा हात धरला. त्या क्षणी तिचा आवाज पहिल्यांदा मोठ्याने फुटला. शब्द नव्हता, नुसती किंकाळी. वरची पोरं जिन्याने धडाधड खाली आली. पोलिसांची गाडी आली तेव्हा शेखर त्या पोरांच्या गराड्यात उभा होता आणि तरीही शांतपणे सांगत होता, "फॅमिली मॅटर आहे, साहेब."

फौजदार ऋषिकेश म्हणून होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "मुली कुठे आहेत म्हणालात?"

"नेऱ्याला. गुऱ्हाळाच्या मागे. हिनेच सांगितलं." मी खोटं बोलले. दुसरं काय सांगणार होते?

"नेऱ्यात कुठे गुऱ्हाळ? मी हाच भाग बघतो. सगळे प्लॉट पडलेत तिथे."

"हुतं," गोजराबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. "माझं म्हायेर हाय तितलं. मी ल्हान असतानाच आग लागून मोडलं ते. चला, जागा दावते."

त्या पोलिसांच्या गाडीत बसून गेल्या; तिथलं पुढचं मला ऋषिकेशांकडून कळलं.

जुन्या गुऱ्हाळाच्या जागी आता गवत होतं. मागे पत्र्याची लांब शेड. दाराला बाहेरून कडी आणि कुलूप, खिडक्यांवर पत्रे ठोकलेले. आत शेगडी धुमसत होती आणि मुली दाटीवाटीने बसलेल्या होत्या. सगळ्या खोकत होत्या. दिवसा त्यांच्याकडून पॅकिंगचं काम करून घेत. काहींना संध्याकाळी गाडीत घालून आणखी कुठे नेत, ते मी इथे बोलणार नाही. हनुवटीवर गोंदण असलेली मुलगीही त्यांच्यात होती. तिला उचलून बाहेर आणावं लागलं. शेखर सगळ्यांनाच रेश्मा म्हणायचा. नावं लक्षात ठेवायचा त्रास नको म्हणून.

मुली निवारागृहात गेल्या. निम्म्याहून अधिक जणींना क्षय निघाला, त्यांचे उपचार सुरू झाले. खटला उभा राहिला. सोमारीचा जबाब दुभाष्या लावून घेतला, तेव्हा ऋषिकेश मला म्हणाले, "मॅडम, ती म्हणते तिला नेरे हे नावच माहीत नव्हतं. मराठीचा एक शब्द येत नाही तिला. मग गुऱ्हाळ कुठून आलं?"

"माझा ऐकण्यात गोंधळ झाला असेल," मी म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्या आवाजाबद्दल मी कुणाशीच बोलले नाही. मैत्रिणीशी नाही, घरी नाही. तो स्टेथोस्कोप गोजराबाईंच्या देखत कचऱ्यात टाकून दिला, नवा घेतला. सोमारीची छाती त्यानंतर दोनदा तपासली. श्वासाशिवाय काही ऐकू आलं नाही.

गावात मात्र गोजराबाईंचं नाव झालं. बायका त्यांना बघायला येत, त्या दिवसाचं विचारत. त्या फार बोलत नसत. "आठवलं म्हून दावलं," एवढंच.

गेल्या आठवड्यात त्यांना ताप भरला. सून मला वर बोलवायला आली. दुपारची वेळ, खोलीत लख्ख ऊन. गोजराबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. नाडी पाहिली, जीभ पाहिली, नेहमीच्या गप्पा मारल्या. मग स्टेथोस्कोप कानात घातला आणि त्यांच्या पाठीकडे हात नेला.

त्या झटकन वळल्या. तापातही एवढा जोर कुठून आला, कोण जाणे. माझं मनगट त्यांनी करकचून धरलं.

"नळी न्हाई लावायची."

"अहो बाई, छाती तपासायला नको का?"

"न्हाई म्हटलं ना!" त्यांनी सुनेला खुणेने बाहेर जायला सांगितलं. दार लागल्याची खात्री केली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात विचारलं,

"तिनं... माझं नाव घेतलं का वो?"