ठेंगूच्या टाकीत काय होतं?

"खबरदार कुणी हात लावाल तर!"

शिवांजली दोन्ही हात पसरून ट्रॅक्टरपुढे उभी होती. समोर जिनेंद्रकाका मोबाईल घेऊन ट्रॅक्टरचे फोटो काढत होते. फोटो भंगारवाल्याला पाठवायचे होते आणि दर फोटोत ही पोरगी मधे येत होती!

ट्रॅक्टर तरी केवढा? द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून अलगद जावा एवढा अरुंद आणि बुटका. घरात त्याचं नावच पडलं होतं ठेंगू. माधवनगरच्या पुढे धनपालआण्णांचा मळा आहे, तिथल्या शेडमध्ये तो पंधरा वर्षं एकाच जागी उभा होता. त्याच्या सीटवर कबुतरांनी संसार थाटला होता.

ब्राह्मी आणि तिचा धाकटा भाऊ भरतेश कालच विश्रामबागेतून मे महिन्याच्या सुट्टीला आण्णांकडे, म्हणजे आपल्या आजोबांकडे, आले होते. जिनेंद्रकाका हे आण्णांचे चिरंजीव. शिवांजली शेजारच्या मळ्यातली. ती आणि ब्राह्मी एकाच वयाच्या, तेरा वर्षांच्या, आणि जिवाभावाच्या मैत्रिणी. तिच्याबरोबर तिचा आतेभाऊ ऋषिराजही होता. मलकापूरला त्याच्या वडिलांचं गॅरेज होतं, त्यामुळे तो स्वतःला अर्धा मेस्त्री समजायचा. उरलेला अर्धाही आपणच, असं त्याचं खासगीत मत होतं.

"शिवा, बाजूला हो बघू," काका वैतागून म्हणाले. "भंगार आहे ते. आणि त्याचं भंगार केलं कुणी, ते तुझ्या आबाला विचार!"

शिवांजलीचा चेहरा खर्रकन उतरला.

ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. शिवांजलीचे आजोबा केरबाआबा पूर्वी ठेंगूचे ड्रायव्हर होते. एका वर्षी ठेंगूला खोड लागली. चालू केला की आठ-दहा मिनिटं झकास चालायचा, मग खोकायचा आणि बंद! जरा थांबलं की पुन्हा चालू, पुन्हा बंद. मेस्त्री आले, फिल्टर बदलले, पंप खोलला, पण दोष काही सापडेना. तेव्हा तरुण असलेल्या जिनेंद्रकाकांनी ठरवूनच टाकलं की, केरबा डिझेल चोरून विकतो आणि त्यात रॉकेल मिसळतो. भर डेअरीवर, दूध घालायला जमलेल्या लोकांसमोर ते तसं बोलले. आण्णा शेजारी होते, पण गप्प राहिले. केरबाआबांनी ट्रॅक्टरची किल्ली आण्णांच्या हातावर ठेवली आणि ते निघून गेले. त्यानंतर गावात कुणीही त्यांना ट्रॅक्टरवर बोलावलं नाही.

"ह्यो भंगारात गेला की खरं काय ते कवाच कळणार न्हाई," शिवांजली म्हणाली. "मग आबा चोर ते चोरच!"

ब्राह्मी पेचात पडली. एकीकडे आपले काका, दुसरीकडे मैत्रिणीचे आबा. पण खरं काय, हे तर कुणीच नीट शोधलं नव्हतं! ती थेट आण्णांकडे धावली.

"आण्णा, आम्ही चालू करून दाखवतो त्याला. थोडे दिवस द्या!"

आण्णा हसले. "शनवारपतूर शेड तुमची. हात मातुर चिमटून घेऊ नका."

"करा, करा!" काका हसत म्हणाले. "शनिवारी भंगारवाला आला की चहा तुम्हीच करायचा!"

सोमवारी सकाळी मोहीम सुरू झाली. कबुतरांचं घरटं अलगद उचलून भरतेशने आढ्यावर ठेवलं. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी इतका भुसा साठवला होता की एक उशी सहज झाली असती! ऋषिराज मोठ्या ऐटीत पाने मांडून बसला, पण पहिलाच नट हलेना. तो लोंबकळला, पाय लावून ओढून पाहिलं, नट आपला ढिम्म.

"उलटा फिरवतूयास, गड्या!" बांधावरून आवाज आला.

सगळे वळले. पलीकडे स्वतःच्या शेताच्या बांधावर केरबाआबा म्हशीची दोरी धरून उभे होते. बघत होते आभाळाकडे, जणू बोलले ते म्हशीशीच!

"आबा, इकडं या की!" शिवांजली ओरडली.

"त्या मळ्यात पाय ठेवणार न्हाई म्या. म्हस चारतूय. तुमचं चालू द्या."

पण त्या दिवसापासून म्हशीला त्याच बांधावरचं गवत गोड लागायला लागलं. सकाळी म्हैस तिथे, दुपारी म्हैस तिथे! आणि अधूनमधून आभाळाकडे बघत हुकूम सुटायचा. "इंजिन जाम आसंल. वरनं डिझेल सोडा आन् रातभर मुरू द्या." "पट्टा हातानं फिरवून बघा आधी!" "ग्रीस लावताय का लोणी फासताय रं?"

बुधवारी त्यांनी टाकीतलं पंधरा वर्षांचं काळं डिझेल खालच्या कॉकच्या तोटीतून बादलीत सोडलं. आधी ते धो धो आलं, मग एकदम थेंब थेंब.

"संपलं," ऋषिराज म्हणाला.

भरतेशने टाकीवर टिचकी मारली. "अर्धी भरलीय की! आवाज ऐक." त्याने टाकीला जोरात गुच्चा मारला, तशी धार पुन्हा सुरू! जरा वेळाने पुन्हा थेंब थेंब.

"गाळ असेल," ऋषिराजने निकाल दिला. अर्धा मेस्त्री तो! ब्राह्मीला मात्र हे चमत्कारिक वाटलं. गाळ एका गुच्च्याने असा बाजूला होईल?

गुरुवारी ऋषिराजच्या वडिलांनी पाठवलेली बॅटरी आणि जॅक आला. टाकीत नवं डिझेल पडलं. ऋषिराजने किल्ली फिरवली. घर्र... घर्र... पण इंजिन काही पकडेना.

"एअर धरली आसंल!" बांध गरजला. "पंपावरचा नट ढिल्ला करा, बुडबुडं जाईस्तोवर! आन् गिअर न्यूट्रलला हाय का बघा!"

बुडबुडे गेले, नट आवळला, पुन्हा किल्ली फिरली आणि... फट्! फट् फट् फट्! काळ्या धुराचा लोट निघाला आणि ठेंगू जागा झाला! भरतेश उड्या मारायला लागला. शिवांजलीने ब्राह्मीला मिठी मारली. काका घरातून धावत आले आणि आ वासून बघत राहिले.

सात मिनिटं झाली, आठ झाली. नवव्या मिनिटाला ठेंगू खोकला, थरथरला आणि बंद पडला.

"बघा!" काका म्हणाले. "रॉकेलनं इंजिन खाल्लंय. आण्णा उद्या सकाळी सांगलीच्या जैन देवळात जाणार आहेत, तेवढ्यात विषय संपवतो." आणि त्यांनी तिथेच भंगारवाल्याला फोन लावला. "सूरज, शनिवारचं राहू दे. उद्या सकाळीच टेम्पो घेऊन ये."

चौघांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. पण रडत बसायला वेळ कुणाला होता?

शुक्रवारी सकाळी भंगारवाला सूरज टेम्पो घेऊन शेडपाशी आला आणि डोकं खाजवायला लागला. ठेंगू पुढून विटांच्या दोन थप्प्यांवर शांतपणे बसला होता. पुढची दोन्ही चाकं गायब!

"आवं काका, ह्याला वर चढवू कसं? ढकलायचं म्हटलं तर चाकं नगंत का?"

"चाकं कुठायत रे?" काका गरजले.

"धुवायला काढलीत," ब्राह्मी गंभीरपणे म्हणाली.

"मग धुतलेली कुठायत?"

"वाळत घातलीत!" भरतेश म्हणाला. शेडमागच्या उसात पंधराव्या सरीला चाकं खरंच वाळत पडली होती. त्याने खोटं कुठे सांगितलं!

सूरज हसू दाबत म्हणाला, "चाकं लावा आन् फोन करा, काका." आणि टेम्पो रिकामाच गेला.

काका पाय आपटत चाकं शोधायला विहिरीकडे गेले.

"ते येईपर्यंत विचार करा," ब्राह्मी म्हणाली. "दोष इंजिनात आहे की दुसरीकडे, कळणार कसं?"

ऋषिराजने कपाळावर हात मारला. "आरं तिच्या! पप्पा बाटली लावत्यात की! टाकीचा पाईप काढायचा आन् डिझेलची बाटली उंचावर टांगून तिथनं पंपाला पाईप द्यायचा."

बाटली टांगली आणि ठेंगू सुरू झाला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बाटली पुन्हा भरली. अर्धा तास झाला तरी ठेंगू मजेत फटफटत होता! बांधावर केरबाआबा आभाळाकडे बघायचं विसरून ठेंगूकडेच टक लावून उभे होते.

"इंजिन ठणठणीत आहे!" ब्राह्मी ओरडली. "म्हणजे दोष टाकीत!"

टाकीच्या तोंडातून आत काळोखाशिवाय काही दिसेना. ब्राह्मी टॉर्च आणायला घराकडे पळाली आणि अंगणातच थबकली. आण्णा देवळातून परतले होते. नळाखाली कळशी ठेवून तिच्या तोंडावर त्यांनी निळ्या शिवणीचं पांढरं दुपदरी फडकं धरलं होतं आणि मधल्या खळग्यातून पाणी गाळत होते. न गाळलेलं पाणी आण्णांच्या घरात कधी कुणी प्यालं नव्हतं. पाणीच काय, दूध, तेल, काकवी, सगळं गाळूनच. पाण्याची धार जोरात पडली आणि फडक्याचं एक टोक सुर्रकन कळशीत घसरलं.

ब्राह्मी टॉर्च न घेताच मागे वळली.

"तार द्या. टोकाला आकडा करून!"

तिने तार टाकीत सोडली आणि फिरवली. काहीतरी अडकलं. ती हळूहळू ओढत गेली आणि टाकीच्या तोंडातून काळंकुट्ट, डिझेल निथळणारं एक फडकं बाहेर आलं. पुसलं तेव्हा काठाची निळ्या दोऱ्याची शिवण दिसली.

आता सगळं लख्ख झालं. इंजिन डिझेल ओढायचं तेव्हा फडकं जाऊन टाकीच्या भोकाला चिकटायचं. इंजिन बंद पडलं की सुटून पुन्हा तरंगायचं!

"पण हे फडकं कुणाचं?" ऋषिराजने विचारलं.

"ताई, हे तर आण्णांचं..."

"गप!" ब्राह्मी भरतेशवर खेकसली आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. आण्णा तिचे लाडके होते. एवढं फडकं परत टाकीत टाकलं, तर कुणाला कळणार होतं? तिने शिवांजलीकडे पाहिलं. शिवांजलीने मैत्रिणीवर सगळं सोडलं होतं. ब्राह्मीने डोळे पुसले, फडकं उचललं आणि ती अंगणात गेली. चाकं शोधून घामाघूम झालेले काकाही तिथेच बसले होते.

"आण्णा, हे टाकीत होतं."

आण्णांनी फडकं हातात घेतलं आणि शिवणीवरून बोट फिरवलं. मग ते तिथेच पायरीवर बसले.

"माझंच हाय," ते हळूच म्हणाले. "त्या साली डिझेलच्या पिंपात गंज लय पडायचा. म्या आपलं सवयीनं टाकीच्या तोंडाला फडकं लावून डिझेल गाळायचो. एक दिस फडकं दिसंना. वाटलं, वाऱ्यानं गेलं. मागनं कवा मनात आलं न्हाई."

"आण्णा! आणि मी केरबाआबांना चोर म्हणालो!" काका उठून उभे राहिले.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, जिनू. बोललास तू, पर गप बसलो म्या." आण्णा उठले. "चाकं लावा रं पोरांनो. सांजच्याला डेअरीवर जायचं."

संध्याकाळी पाच वाजता डेअरीवर दुधाची रांग लागली होती. ठेंगू फटफटत आला. चालवत होते काका, मागून चालत आण्णा आणि चौघं पोरं. भरतेश घड्याळ बघून ओरडत होता, "अकरा! बारा! तेरा मिनिटं!" रांगेच्या शेवटी किटली घेऊन केरबाआबा उभे होते. ते मान फिरवून निघालेच होते, तेवढ्यात आण्णा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. काळं फडकं त्यांनी सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"आयका सगळी! ठेंगू केरबानं बिघडवला न्हाई. माझं हे फडकं टाकीत पडलं हुतं. ह्या पोरांनी पाच दिसांत शोधलं, जे आमा थोरांना पंधरा वर्सांत जमलं न्हाई." मग त्यांनी हात जोडले. "केरबा, दर भादव्यात पर्युषण संपलं की म्या घरोघर 'उत्तम क्षमा' म्हणत, वर्साच्या चुकांची माफी मागत फिरतो. तुझ्या दारात मातुर कवा आलो न्हाई. आता भादव्याची वाट बघत न्हाई. क्षमा कर."

केरबाआबांनी न बघताच किटली बाजूला केली. शिवांजलीने ती पटकन धरली.

"आवं आण्णा, हात खाली करा," ते आण्णांचे हात धरून म्हणाले. "चुकलं तर सांगायला माणूस लागतंय. ते काम पोरींनी केलं." त्यांनी ब्राह्मीच्या डोक्यावर हात ठेवला. "सोताच्या घरचं खरं बोलायला लय मोठं काळीज लागतंय, बाळ."

रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऋषिराज त्या सगळ्या आपल्याच समजून वाकून नमस्कार करत होता!

काका सीटवर बसूनच खाली मान घालून म्हणाले, "आबा, माझं लई चुकलं. उद्यापासून बागेत याल ना?"

केरबाआबांनी टॉवेलने डोळे पुसले, ठेंगूभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि इंजिनाला कान लावून ऐकलं.

"येतो की! पर मेस्त्री ही चौघं. म्या निस्ता ड्रायव्हर." मग त्यांची नजर काकांच्या पायाकडे गेली आणि बांधावरचा तो आवाज डेअरीवर गरजला, "आन् जिनू, खाली उतर आधी! क्लचवर पाय ठेवून चालवतूस व्हय रं? चार दिसांत प्लेट जाळशील!"

सगळी डेअरी खो खो हसली. जिनेंद्रकाका निमूटपणे खाली उतरले आणि केरबाआबा सीटवर चढून बसले.