अकरा मणी

भाटघर धरणाच्या पाण्यात पडलेला भैरवनाथाचा पितळी मुखवटा काढायला आम्ही तिघं होडीतून निघालो होतो. माझा भाचा आकाश पाणबुड्या. कोंडिबा वरच्या धनगरवाड्यावरचे. होडीतून नेताना मुखवटा त्यांच्याच हातून निसटला होता. मी त्याच्या हवेच्या टाक्यांची नोंद ठेवणारी. उद्या जत्रा होती आणि कोंडिबांनी चार दिवस अन्न घेतलं नव्हतं.

मुखवटा पडल्या जागी नांगर टाकला. खोली अठरा मीटर. आकाशनं पोलादी टाकीचा दाब पाहिला.

"एकशे साठ बार? काल दोनशे होता की, आत्या."

दोनशेच होता. पण घाईनं भरताना टाकी तापली होती. निवल्यावर दाब उतरला. मी नुसती मान हलवली. रोजची माळ संपेपर्यंत माझं मौन असतं.

त्यानं सावकाश भरलेली ॲल्युमिनियमची टाकी पाठीला लावली. तिच्यात दोनशे पुरे होते. कमरेच्या पट्ट्यात मात्र पोलादी टाकीपुरतंच शिसं राहिलं. या हलक्या टाकीला लागणारं जास्तीचं दोन किलो माझ्या पायाशी पिशवीत होतं. मला ते दिसलं. अकरा मणी उरले होते. एवढे झाले की सांगते, असं मनाशी म्हटलं.

धप्प! आकाश पाण्यात गेला.

"आकाश!" माळ मांडीवर पडली. पण तो खोल गेला होता, वर नुसते बुडबुडे येत होते.

"काय झालं, ताई?"

"शिसं राहिलं. हवा संपत आली की ही टाकी तरंगायला लागते. त्याला वर खेचेल."

"मंग बुडण्यापरास बरं न्हाई का?"

"नाही, कोंडिबा. झपकन वर आला तर छातीतली हवा फुगते, फुप्फुस फाटतं. पाच मीटरवर थांबून सावकाश यायचं असतं."

कोंडिबांनी लगेच होडीतला दोर ओढून घेतला. "पिशवी द्या हिकडं. मेंढरं बांधायची गाठ मारतो, सुटायची न्हाई. पाच मीटर म्हंजी तीन वाव, व्हय?"

नांगराच्या दोरालगत शिसं खाली सोडलं. वाट पाहिली. वीस मिनिटं. पंचवीस.

बुडबुडे दोराजवळ आले. तिथंच येत राहिले, म्हणजे तो थांबला होता! एक मिनिट. दोन. तीन.

मग आकाशचं डोकं वर आलं, शांतपणे. छातीशी मुखवटा होता.

"शिसं दिसलं, आत्या, पण लागलं नाही. तळाशीच पाय सुटायला लागले होते. तेवढ्यात चिखलात हे देव सापडले. छातीशी धरले आणि त्यांच्याच वजनानं सावकाश वर आलो."

कोंडिबांनी पागोटं सोडून त्यावर मुखवटा घेतला. त्यावर कपाळ टेकलं.

"आमी त्यास्नी न्याया आलो, अन् त्येंनीच पोराला आणलं."

मी आकाशला सगळं सांगितलं. दिसलं होतं, तरी गप्प बसले, हेही.

"माळ अर्धी राहिली तर देव रुसत नाही, आत्या," तो दात वाजवत म्हणाला. "भाचा रुसतो."

काठावर कोंडिबांनी फडक्यातली भाकरी सोडली आणि पहिला तुकडा आकाशला दिला. उरलेले अकरा मणी मी तिथंच ओढले, एकेका मण्याला आभार मानत. मौन अजून पाळते. पण पाण्यावर जायच्या दिवशी माझी माळ पहाटे घरीच पुरी होते.